मुक्या घंटेचं मीठ

आडखणच्या खाडीवर आलात की समोर मातीचा लांब बांध दिसतो आणि बांधाच्या मध्यावर दगडी चौकटीची उघाडी. उघाडी म्हणजे पाण्याचं दार. भरती चढू लागली की लाकडी फळी खाली सोडायची, ओहोटी लागली की वर ओढायची. शेतातलं पाणी बाहेर जातं, खाडीचं आत येत नाही. या किनाऱ्यावरच्या सगळ्या गावांची हीच रीत. उधाणाच्या दिवशी तर फळीपाशी माणूस बसवून ठेवतात. पण आडखणचे लोक पवित्र शुक्रवारी, ऐन उधाणाला, आपल्या हातांनी फळी वर ओढतात आणि खारं पाणी खालच्या शेतांत घेतात. शेजारच्या गावातून नवीन आलेली सून ते पाहते आणि तोंडावर हात ठेवते. तिला जे सांगतात तेच तुम्हालाही सांगते.

फार मागची गोष्ट. राज्य कोणाचं होतं ते विचारू नका, ते कोणालाच नीट ठाऊक नाही. आडखणात एक पास्कोल होता, त्याची बायको आपोलीन होती, सिमाव नावाचा मुलगा होता आणि रेजीन नावाची सून होती. पास्कोल गावाचा फळीवाला. फळी सांभाळायची म्हणून गावाने त्याला बांधाच्या टोकाला घर दिलं होतं आणि सुगीला घराघरातून सूपभर भात. पिढ्या गेल्या, त्या घरातला माणूस पोटाला कमी पडला नाही आणि गावाच्या शेतात खाऱ्या पाण्याचा थेंब आला नाही.

आता या कामाची एक खूण होती. देऊळ, म्हणजे गावाचं चर्च, टेकाडावर. तिथून खाडीचं तोंड दिसायचं, बांधावरून दिसायचं नाही. भरतीचं पाणी तिथल्या काळ्या खडकाला लागलं की देवळातला घंटा वाजवणारा कायतान तीन टोल द्यायचा. टोल ऐकले की पास्कोलने फळी सोडायची. मग तो जेवत असो की झोपलेला असो.

पास्कोल त्या वर्षी पावसाळ्यात तापाने गेला. सिमाव फत्तेमारीवर, मालाच्या शिडाच्या जहाजावर, कामाला होता; पाऊस सरताच तो उत्तरेकडे गेला. म्हणून फळी आली आपोलीनच्या हाती. गावातल्या काही जणांनी नाक मुरडलं, बाईमाणसाला फळी उचलेल का म्हणाले. तिने उचलली. नाताळ गेला, थंडी गेली, एकदाही तिची फळी चुकली नाही.

मग उपवासकाळ आला आणि त्याच्या शेवटी पवित्र शुक्रवार. तो दिवस नेहमी पुनवेच्या आसपास, म्हणजे उधाणाचा. आणि गुरुवारच्या मिसापासून, म्हणजे देवळातल्या मोठ्या प्रार्थनेपासून, शनिवारपर्यंत देवळाची घंटा मुकी असते. प्रभूच्या दुःखात धातूचा नाद करायचा नाही, लाकडाच्या दोन फळ्या आपटून लोकांना बोलवायचं, ही रीत आपोलीनला काय ठाऊक नव्हती? जन्मापासून ठाऊक होती. पण तिच्या मनात ती प्रार्थनेची घंटा होती. पाण्याची घंटा वेगळी. कडं एक, दोरी एक, तरी तिच्या लेखी दोन घंटा होत्या. कायतानला वाटलं, हिला कळतं, आज ही आपली आपण पाणी बघेल. पास्कोल तसंच करायचा. त्या दिवशी तो सकाळपासून खडकापाशी जाऊन बसायचा. पण हे त्याने बायकोला कधी सांगितलं नव्हतं, कारण आपण मरू असं त्याला वाटलं नव्हतं.

तर सगळं गाव टेकाडावर क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेला गेलेलं. आपोलीन उपाशीपोटी फळीजवळ गुडघे टेकून माळ जपत होती आणि टोल कधी पडतात म्हणून कान देऊन होती. ऊन डोक्यावर आलं. टोल पडले नाहीत. मग तिच्या गुडघ्यांना गार लागलं, असं सांगतात. डोळे उघडले तर पाणी चौकटीच्या वर. ती फळीवर लोंबकळली, सारा भार टाकला. पाण्याच्या जोराने फळी चौकटीतच आडवी मोडली. पाण्याने बाजूची माती खाल्ली, बांधाला खांड पडली आणि दोन बैलगाड्या शेजारून जातील एवढ्या भगदाडातून खाडी आत आली.

प्रार्थना संपवून लोक टेकाडावरून खाली बघतात तर शेतांच्या जागी आभाळ दिसत होतं.

खाऱ्या पाण्याने मारलेली जमीन तीन पावसाळे भात देत नाही. म्हणजे गावाला तीन वर्षं भात नाही. पुरुषांनी उधाण ओसरल्यावर चिखल-दगड टाकून खांड बुजवली, पण त्याच दगडांनी उघाडीचं तोंडही बुजलं. आत आलेलं पाणी खालच्या खोलगट शेतांत अडकून राहिलं, घोट्याएवढं.

ईस्टरच्या सोमवारी देवळापुढे गाव बसलं. मिंगेल पाटील मोठ्या आवाजाचा, पण मनाने कठोर नव्हता. तरी तो तरी काय करणार?

"आपोलीनबाय, फळीचं घर फळीवाल्याचं. आता तुझ्याकडे फळी नाही."

"खरं आहे, मिंगेलदादा."

"घर सोडावं लागेल. गावही सोडलेलं बरं. पुढच्या वर्षी पोरं भुकेने रडू लागली की लोक तुझं तोंड बघतील."

आपोलीन म्हणाली, "सुनेचे दिवस भरत आलेत. तिला कुठे घेऊन जाऊ?"

म्हातारे पाद्रीबाबा मध्ये बोलले. पन्नास दिवसांनी पवित्र आत्म्याचा सण येतो, तोवर तिला राहू द्या म्हणाले. गावाने मान्य केलं. त्या दिवशी आपोलीनने घर सोडायचं.

बैठकीतून ती सरळ बांधावरच्या क्रूसापाशी गेली. तिथे तिने नवस केला: "प्रभू, माझ्या हातून गावाचं अन्न गेलं. ते माझ्याच हातून परत देवव. तोवर मी भाताचं शीत तोंडात घालणार नाही." आणि दुसऱ्या दिवसापासून करांदे, म्हणजे रानातले कंद, उकडून खाऊ लागली.

पण नवस केला म्हणून हात बांधून बसली नाही. तिने एक डोणी, म्हणजे लाकडाचं खोलगट भांडं, घेतली आणि शेतातलं पाणी उपसायला लागली. शेतं लहान लहान, प्रत्येकाला गुडघाभर बांध. खालच्या शेतातलं पाणी ती त्याच्या वरच्या शेतात टाकायची, त्यातलं त्याच्या वरच्यात. सगळं पाणी असं चढवत चढवत क्रूसाच्या पायथ्याच्या सगळ्यात वरच्या, सगळ्यात लहान शेतात न्यायचं आणि तिथून खाडीत ओतायचं, एवढाच तिचा हिशेब. खालचं शेत लवकर मोकळं झालं तर पावसाने लवकर धुऊन निघेल, तीन वर्षांची दोन होतील, असं तिला वाटे. चैत्राचं ऊन, खाली खारट चिखल. टाचांच्या भेगांत मीठ भरायचं. लोक बांधावरून जाता-येता बघायचे.

एकदा मिंगेल पाटील उभा राहिला. "काय आपोलीनबाय, समुद्र कुठवर आला उपसून?"

"तुझ्या पायापर्यंत आलाय, दादा. जरा बाजूला हो, डोणी ओतते."

पाटील हसला आणि बाजूला झाला. पण घरी जाऊन बायकोला म्हणाला म्हणे, की ती बाई सणाच्या दिवशी गेली तर गावाला फार दिवस झोप लागणार नाही.

त्या वर्षी संकट एकट्या आडखणावर नव्हतं. दक्षिणेच्या वाटेवर लढाया चालू होत्या आणि मिठाचे बैल इथवर पोहोचलेच नाहीत. या खाडीवर तेव्हा मीठ कोणी पिकवत नसे, सगळं बाहेरून यायचं. पावसाआधी मासे खारवायचे दिवस, होड्या भरून येत होत्या आणि मीठ नाही म्हणून कोळीवाड्यात मासळी सडत होती. वारा तिकडून आला की आडखणचे लोक नाकाला पदर लावायचे. घरांतल्या मिठाच्या बरण्या खरवडून झाल्या. आळणी पेज पिऊन माणसं एकमेकांवर खेकसायची.

पाचव्या आठवड्यात रेजीन बाळंत झाली. मुलगी झाली. आठवड्यात बाप्तिस्मा करायचा, आणि त्या काळी बाप्तिस्म्याला पोराच्या जिभेवर मिठाचा कण ठेवत. पाद्रीबाबांची मिठाची डबी रिकामी होती. त्यांनी घरोघर निरोप पाठवला. चिमूटभर मीठ गावात निघालं नाही.

रेजीन खाटेवर पडून रडली. "आय, माझी पोर आळणीच राहणार का? घर जातंय, गाव जातंय, देवाच्या घरातलं चिमूटभरही हिच्या नशिबात नाही."

पहाटेचा उजेड फुटत होता. आपोलीन नेहमीसारखी डोणी घेऊन शेतात गेली. चार दिवस सुनेपाशी असल्यामुळे वरच्या लहान शेताकडे ती फिरकली नव्हती. तिथलं पाणी खाडीत ओतायचं राहूनच गेलं होतं.

पाय टाकला तर पाणी लागलं नाही. पायाखाली करकर वाजलं.

तिला वाटलं, रात्रीतून चुना सांडला की काय. वाकून हात लावला. सगळं शेत, या बांधापासून त्या बांधापर्यंत, पांढरं. सूर्य वर आला तसं ते चमकू लागलं, देवळात पुनरुत्थानाच्या दिवशी वेदीवरचं कापड चमकतं तसं. तिने एक खडा जिभेवर ठेवला आणि तिथेच खाली बसली. महिनाभर शेताशेतांतून पाणी चढवताना ऊन ते पाणी पीत होतं आणि प्रत्येक शेतात ते आणखी खारं होत होतं, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं. ती पाणी उपसत नव्हती. ती मीठ पिकवत होती, आणि पिकवून घेणाऱ्याने तिला सांगितलं नव्हतं.

किती वेळ बसली कोण जाणे. नंतर पदरात चिमूटभर मीठ बांधून टेकाड चढली. तिने पदराची गाठ सोडली, पाद्रीबाबांनी चाखलं आणि पुन्हा एकदा चाखलं.

"कुठलं हे?"

"आपल्या शेतातलं, पाद्रीबाबा. त्या शुक्रवारचं."

पोरीला बाप्तिस्मा मिळाला. नाव ठेवलं साल्वादोर. मुलीचं नाव नव्हे ते, पण आजीने हट्ट धरला, तारणाऱ्याचंच नाव हवं म्हणाली. लाडाने सगळे तिला साली म्हणत. तिच्या जिभेवर कण ठेवला तेव्हा तिने तोंड वाकडं केलं आणि देवळात सोमवारच्या त्या बैठकीनंतर पहिल्यांदा लोक हसले.

देवळातून गाव तसंच शेतावर आलं. बांधावर उभे राहिले सगळे. पुरुषांनी डोक्यावरची पागोटी काढली. मिंगेल पाटील हळूच खाली उतरला, चपला बांधावर काढून.

"आपण समजत होतो देवाने शेत नेलं," आपोलीन म्हणाली. "त्याने शेत नेलं नाही, दादा. शेताचं काम बदललं. आपण भात भातच करत रडत बसलो."

पाटलाने विचारलं, "आता काय करायचं?"

"डोण्या आणा. माझी एकटीची पुरणार नाही."

सारं गाव पाण्यात उतरलं. तिसऱ्या दिवशी कोळीवाड्यातली नाथीबाय टोपली घेऊन आली. तोंडाने ती फटकळ. म्हणाली, "तुम्ही देवाची माणसं मीठ अंगाला लावून बसा, आमची मासळी तिकडे किड्यांना घाला."

"घेऊन जा की," आपोलीन म्हणाली. "बदल्यात भात आण."

"कोळणीकडे भात कुठला?"

"होड्या तुमच्याच ना? उत्तरेला भात पिकतं, मीठ नाही. आमचं मीठ भरा, त्यांचं भात आणा. चौथा हिस्सा तुमचा."

नाथीबायने कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघितलं. "फळी हातून मोडली म्हणतात ती तूच ना? डोकं तर शाबूत दिसतंय."

होड्या गेल्या. दिवस मोजत गाव खाडीकडे बघत राहिलं. सणाची आदली संध्याकाळ झाली तरी शीड दिसेना. आपोलीनने आपली भांडी एका कापडात बांधली. शब्द तो शब्द.

सणाच्या दिवशी मिसा चालू असताना कायतानने घंटेचे तीन टोल दिले. मिसाच्या मध्येच. पाद्रीबाबा थांबले, लोक बाहेर धावले. काळ्या खडकाला वळसा घालून सात होड्या आत येत होत्या, पाण्यात बुडतील एवढ्या भरलेल्या. पुढच्या होडीत भाताच्या पोत्यांवर एक दाढी वाढलेला माणूस उभा होता. उत्तरेच्या बंदरात कोळ्यांनी आडखणच्या मिठाची गोष्ट सांगितली, ती फत्तेमारीवरच्या एकाच्या कानावर गेली, आणि तो आपल्या जहाजाच्या तांडेलाचा, म्हणजे म्होरक्याचा, निरोप घेऊन कोळ्यांच्या होडीत चढला. तो सिमाव.

आपोलीन त्याच्याकडे गेली नाही, आधी क्रूसाकडे गेली. मग पाटलाच्या बायकोने नव्या तांदळाची पेज आणली, वर त्या शेतातलं मीठ, आणि भरल्या गावासमोर तिला पाजली. पन्नास दिवसांनी तिच्या तोंडात शीत गेलं. सिमावने आपल्या मुलीला हातांवर घेतलं होतं. मिंगेल पाटील म्हणाला, "घर तुझं, बाय. फळीही तुझी. आणि वर्षातून एकदा ती कधी उघडायची ते तू सांगायचंस."

तीन वर्षं आडखणात भात पिकलं नाही आणि एकही चूल विझली नाही. चौथ्या वर्षी वरची शेतं पुन्हा भाताला आली, खालची मिठालाच राहिली, आणि आपोलीनने ठरवलेल्या दिवशी, पवित्र शुक्रवारी, त्यांत खारं पाणी घेतात.

आजही आडखणात बाप्तिस्म्याहून बाळ घरी आलं की आधी त्या घरची थोरली बाई मिठाचा कण त्याच्या जिभेवर ठेवते. देवळातली ती रीत केव्हाच गेली, घरातली गेली नाही. पोर तोंड वाकडं करतं, सगळे हसतात. आणि आपोलीनचं कुळ एवढं वाढलं की अर्धं आडखण तिचंच. पवित्र आत्म्याच्या सणाला तिच्या घरी पहिल्या पेजेचा टोप चढतो, आणि त्या दिवशी तिथून कोणी उपाशी गेलेलं आजवर कोणी पाहिलेलं नाही, असं सांगतात.