पडद्याआडची दुभाषीण

फार पूर्वी, खाडीकाठच्या एका छोट्या राज्यात एक दुभाषीण होती. बंदरात इंग्रजांची गलबतं येत. त्यांचं बोलणं राजाला मराठीत सांगायचं, हे तिचं काम. बाई मोठी हुशार, पण बसायला जागा कुठे, तर दरबारातल्या जाडजूड पडद्याआड!

झालं होतं काय, की राजाच्या आजोबांच्या काळात एका दुभाष्याने व्यापाऱ्याशी डोळ्यांनी खाणाखुणा करून दरबाराला चांगलंच गंडवलं होतं. तेव्हापासून नियमच पडला: दुभाष्याने ऐकायचं, बघायचं नाही. जो पडदा सारेल त्याची नोकरी जाईल आणि गावही सुटेल. दुभाषिणीला हा नियम मुळीच पटत नसे. पण घरात म्हातारी आई होती. तिला घेऊन जाणार कुठे? म्हणून ती गप्प राही.

एके दिवशी सकाळी शिपायांनी एका इंग्रज खलाशाला ओढत दरबारात आणलं.

"महाराज, हा गावावरच्या तळ्याचा बांध उकरत होता. रंगेहाथ पकडला!"

खलाशी धापा टाकत एकच शब्द ओरडत होता, "रन! रन! रन!"

"काय म्हणतो हा?" राजाने विचारलं. दुभाषिणीने इंग्रजीत विचारून पाहिलं, पण घाबरलेला खलाशी त्या एका शब्दापलीकडे काही बोलेना.

पडद्याआडून दुभाषीण म्हणाली, "महाराज, शब्द साधा, पण मोठा भटक्या आहे. मूल धावलं तरी रन, चोर पळाला तरी रन. नदी वाहते तेही रन, दुकान चालवायचं तेही रन. अहो, लुगड्याचा रंग उतरला तरी इंग्रज रनच म्हणतो!"

दरबारात हशा पिकला. कारभारी म्हणाले, "बाई, अर्थ विचारला, बाजार मांडायला नाही सांगितलं! पळून जात होतो, असं कबूल करतोय तो."

राजाही वैतागला. "एकच अर्थ सांगा. नाहीतर कारभाऱ्यांचाच धरतो आणि याला कोठडीत टाकतो."

दुभाषिणीच्या डोळ्यांसमोर आई आली. पण बाहेरचा तो आवाज रडवेला होता. पळून जाणारा माणूस असा ओरडतो होय? तिला राहवेना. तिने सर्रकन पडदा सारला आणि ती बाहेर आली.

"अहो बाई, नियम!" कारभारी किंचाळले.

तिचं लक्षच नव्हतं. ती खलाशाकडे बघत होती. कमरेपर्यंत ओलाचिंब, हात कोपरापर्यंत चिखलाने माखलेले. एकदा तळ्याकडे बोट दाखवी, एकदा खालच्या घरांकडे. मग दोन्ही तळवे एकावर एक घट्ट दाबून धरी.

"महाराज, हा बांध उकरत नव्हता, बुजवत होता! बांधाला भोक पडलंय. पाणी वाहतंय म्हणत असेल, नाहीतर पळा म्हणत असेल. आपण करायचं एकच. खालची आळी रिकामी करा आणि माती घेऊन वर चला!"

मग काय विचारता! राजासकट सगळे धावले. बायका लेकरं काखोटीला मारून टेकडीवर चढल्या. बांधाचं भोक एव्हाना घागरीएवढं झालं होतं. टाकली माती की गेली वाहून, टाकली की गेली.

"दरबारातला पडदा आणा!" दुभाषीण ओरडली.

पडदा आला. त्यात माती भरून भलं मोठं गाठोडं बांधलं. खलाशाने आणि तिने जोर लावून ते भोकात कोंबलं, आणि पाणी थांबलं! एक घर गेलं नाही, एक वासरू वाहून गेलं नाही. लोकांनी खलाशाला खांद्यावर घेतलं. दुभाषिणीपुढे ढोल-ताशे वाजू लागले. तिच्या आईच्या डोळ्यांचं पाणी मात्र काही केल्या थांबेना.

कारभारी हळूच म्हणाले, "महाराज, बाईंनी नियम तर मोडलाच."

राजा हसून म्हणाला, "नियम त्या बांधात जाऊन बसलाय, कारभारी. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कामाला आलाय. राहू द्या तिथेच!"

तात्पर्य काय, तर शब्द एक आणि अर्थ अनेक असतात. त्यातला खरा अर्थ बोलणाऱ्याकडे नीट बघितल्यावरच कळतो.