तीट नसलेला राजवाडा

एका राज्यात राजा नव्हता, राणी होती. नाव पद्मलेखा. तिला एकच नाद, राजवाडा सजवायचा. आज भिंतीला मोरपिशी रंग, उद्या तोच खरवडून केशरी. दिवाणखान्याचे पडदे ऋतूला बदलत, कारंजी महिन्याला. बागेतल्या झाडांनाही स्वस्थता नव्हती. मुळं धरतात न धरतात तोच उपटून दुसरीकडे लावली जात. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण या हौसेला विसावाही नव्हता.

राणीला एक लेक होती, शेवंती. पुढचा दात अर्धा तुटलेला आणि केसांत दोन भोवरे. दाई भिवरा तिच्या गालावर रोज काजळाची तीट लावी आणि चिडवी, "दोन भोवऱ्यांची पोर, दोन नवरे करणार." राणी कधीमधी लेकीच्या डोक्याला तेल चोळी, तेव्हा बोटांखाली ते भोवरे लागत. तेवढा वेळ तिला पडदे आठवत नसत.

एके दिवशी मायाधर नावाचा जादूगार आला. देखणा असा, की चेहऱ्यावर एक तीळ नाही.

"राणीसाहेब, वाडा असा सजवून देतो की पाहणाऱ्याची नजर हलणार नाही."

"मोबदला काय?"

"काही नको. वाड्यात कुठे डाग मात्र नसावा. दारावरची काळी बाहुली उतरवा. मुलीच्या गालावरची तीट पुसा."

भिवरा आडवी आली. "राणीसाहेब, दृष्ट लागेल."

"लागू दे. त्यासाठीच तर सजवते आहे," राणी म्हणाली, आणि बाहुली उतरली. माणसाची जीभ कधीकधी माणसाच्याच मुळावर येते, ती अशी.

दुसऱ्या दिवशी भिवरा कुठे दिसली नाही. ओसरीवर सोन्याच्या पिंजऱ्यात एक साळुंकी दिसली. राणीला वाटलं, बरं झालं, कोपऱ्याला शोभा आली.

मग मायाधराने हात फिरवला. कारंज्याचं पाणी वर गेलं ते खाली पडेना, छतासारखं पसरून राहिलं. वेलींनी खिडक्यांना महिरपी धरल्या. पाऊलवाटेच्या कडेला रोज एक नवी मूर्ती उभी राही, नाहीतर एक नवं झाड. लांबलांबून माणसं बाग बघायला येत, टक लावून बघत, आणि परत जाताना कुणी कुणाला दिसत नसे. मुदपाकखान्यातली भांडी वाजेनाशी झाली. घोड्यांना दाणा घालायला मोतद्दार राहिला नाही. वाड्यात बोलणं कमी कमी होत गेलं, आणि राणीला ते कळलं नाही, कारण ती नुसती बघत होती.

एका सकाळी शेवंती अंथरुणात नव्हती.

राणी बागेत धावली. तळ्याकाठी संगमरवराची मुलगी उभी होती, मान तिरपी करून हसत. दात अख्खा आणि सरळ. तिच्यासमोर तशीच दुसरी. पलीकडे आणखी, वाटेच्या दोन्ही अंगांना, ओळीनं साऱ्या शेवंत्याच.

"एकटीनं शोभा येत नव्हती," मागून मायाधर म्हणाला. "दोन्हीकडे सारखं हवं."

"माझी लेक परत दे."

"आपण मागितलं तेच दिलं, राणीसाहेब. बघत राहा."

राणी बघत राहिली आणि तिच्या तळव्यांना गारवा चढू लागला. पाय दगड होऊ लागले होते. तिनं पदर डोळ्यांवर ओढला आणि ठेचकाळत ओसरी गाठली. तिथे ती मटकन बसली आणि रडली.

"राणीसाहेब," साळुंकी म्हणाली. आवाज भिवराचा होता. "जो बघतो, त्यालाच मायाधराची जादू लागते. रडू नका, तीन कामं करा. कुणी घेतली नाही अशी वाकडी पणती आणा. ठिगळाच्या लुगड्याची वात आणा. त्या दिव्याचं काजळ धरा, डोळे मिटून बागेत जा आणि खऱ्या शेवंतीला तीट लावा. खोटीला लावाल, तर तिच्याशेजारी उभ्या राहाल."

वाड्यात वाकडं म्हणून काही उरलंच नव्हतं. राणी अनवाणी वेशीबाहेर गेली. कुंभारीण म्हणाली, "चांगली घ्या, राणीसाहेब." राणी म्हणाली, "वाकडीच दे, बाई." पुढे एक म्हातारी शेण्या थापत होती. तिनं आधी लाजून ठिगळं लपवली, मग पदराची चिंधी फाडून दिली. राणीनं अंगावरची शाल तिच्या खांद्यावर घातली. मग तिथेच चुलीशी बसून एरंडेलाचा दिवा लावला, वर वाटी पालथी धरली आणि काजळ धरलं.

भर दुपारी, डोळे घट्ट मिटून, ती बागेत शिरली.

वास आले, कधी न हुंगलेल्या फुलांचे. तिनं पाहिलं नाही. डोक्यावरचं पाणी पैंजणांसारखं वाजलं. तिनं पाहिलं नाही. मग अगदी कानाशी लेकीचा आवाज आला, "आई, बघ ना गं माझ्याकडे." राणीच्या पापण्या थरथरल्या, पण तिनं ओठ चावला आणि हात पुढे केले.

पहिली मूर्ती. गाल शेवंतीचा, नाक शेवंतीचं. राणीनं तिच्या दगडी केसांत बोटं घातली. गुळगुळीत. दुसरी, तीही तशीच. ओळ सरता सरेना आणि दगड चाचपून आता तिच्या बोटांनाही गारवा चढत होता. तेव्हा एका डोक्यावर बोट अडखळलं. एक भोवरा. त्याच्या शेजारी दुसरा. मायाधराने दिसतं तेवढंच सुधारलं होतं. केसांखाली काय आहे ते त्याला कुठून ठाऊक?

राणीनं त्या गालावर काजळ फासलं. गाल ऊन झाला.

ओळीतल्या बाकीच्या मूर्ती भुग्यासारख्या ढासळल्या. झाडांचे माळी झाले, पुतळ्यांचे आचारी, मोतद्दार न् बाग बघायला आलेले पाहुणे झाले, साळुंकीची भिवरा झाली. वरचं पाणी एकदम खाली कोसळलं. ओलीचिंब माणसं वळली आणि साऱ्यांनी मिळून, आवाज ऐकून धावत आलेल्या मायाधराकडे पाहिलं. त्याच्या देखण्या चेहऱ्यावर तीट नव्हती. नजरेनं दगड फुटतो म्हणतात, तो तर नुसता माणूस. कपाळापासून तडा गेला, आणि वाटेवर काचेचा चुरा उरला. भिवराने तो झाडून काढला.

काळी बाहुली पुन्हा दारावर चढली. वाकडी पणती देवघरात आली. झाडं जिथे होती तिथेच राहिली आणि यथावकाश फळली.

सणाच्या दिवशी शेवंती नवं परकर-पोलकं नेसून धावत आली. तुटका दात दाखवत म्हणाली, "आई, मी कशी दिसते?"

"ते भिवराला विचार," राणी म्हणाली आणि तेलाची वाटी ओढली. "तू इकडे बस."