एक माप मोठी

एका पेठेच्या गावात बांगड्यांचं एक दुकान होतं. तिथे भरलेली बांगडी या संक्रांतीपासून पुढच्या संक्रांतीपर्यंत हातात राहते, असं आसपासच्या गावांतल्या बायका सांगायच्या. त्यात काचेची करामत नव्हती. काच सगळीकडे सारखीच. करामत होती ती बांगड्या भरणाऱ्या बायकांच्या बोटांत.

त्या पाटावर बसायच्या. समोरच्या बाईचा हात आपल्या गुडघ्यावर घ्यायच्या आणि इकडच्या तिकडच्या चार गोष्टी करत तो दाबून मऊ करायच्या. बोलता बोलता बाई सैल झाली की तिचा हातही सैल व्हायचा, आणि अगदी मापाची बांगडी अंगठ्याच्या हाडावरून अलगद आत सरकायची. हात भरून झाला की गिऱ्हाईक बाई, मग ती पाटलाची सून का असेना, भरणारीला वाकून नमस्कार करायची आणि मगच उठायची. तशी रीतच होती.

या बायकांमध्ये सगुणा नावाची एक तरुण सून होती. तिच्या सासूचे गुडघे धरले, तेव्हा सासूची जागा तिला मिळाली होती. नवऱ्याला हंगामापुरतंच काम असायचं, म्हणून घरची चूल या जागेवरच पेटत होती. सगुणा बोलायची कमी आणि बघायची फार. सासूनं तिला एकच गोष्ट शिकवली होती. "बांगडी हातात ढकलायची नसते गं. हात तिला आत घेतो. तोवर थांबायचं."

एकदा दुकानाचे मालक मोठ्या शहराचा बाजार बघून आले, आणि आले ते डोक्यात नवी कल्पना घेऊनच.

"तुम्ही गप्पा फार मारता," ते बायकांना म्हणाले. "उद्यापासून प्रत्येकीला सकाळी बांगड्यांची एक माळ मिळेल. दिवेलागणीला ती रिकामी झाली पाहिजे. जिची उरेल, तिचा दुसऱ्या दिवशी पाट बंद. उभ्यानं काम करायचं. आणि भरताना जिच्या हातून बांगडी वाढेल, म्हणजे फुटेल, तिच्या पगारातून पैसे जातील."

"मालक, गिऱ्हाईकच आलं नाही तर?" अनसाबाईंनी विचारलं. त्या सगळ्यांत जुन्या होत्या.

"हाक मारून बोलवा. तोंड आहे ना?"

बायकांनी कंबर कसली. ज्यांनी माळ रिकामी केली, त्यांना वाटलं मालक शाबासकी देतील. मालकांनी दिली ती दुसऱ्या दिवशी आणखी लांब माळ. ज्यांची उरली, त्या उभ्या राहिल्या. आता उभ्यानं बांगडी कशी भरणार? हात टेकवायला गुडघा नाही, गिऱ्हाइकाचा हात अधांतरी. बांगड्या वाढायच्या, पैसे कापले जायचे, आणि वेळ गेला म्हणून माळही उरायची. म्हणजे दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं. एकदा पाट गेला की तो परत मिळणं कठीणच.

मग अनसाबाईंना युक्ती सुचली. त्या हळूच एक माप मोठी बांगडी भरायला लागल्या. मोठी बांगडी हाताला न विचारताच आत जाते. दाबायला नको, बोलायला नको, वाढायची भीती नाही. दुकानात असेपर्यंत हात छान भरलेला दिसतो. हळूहळू सगळ्याच जणी तसं करू लागल्या. माळ लांबत गेली, तशी एका मापाची दोन मापं झाली. नमस्कार करायलाही कुणाला सवड उरली नाही. गिऱ्हाईक वाकेपर्यंत पुढची बाई पुढ्यात बसलेली असायची.

मोठ्या मापाचा माल भराभर संपतोय, हे मालकांच्याही लक्षात आलं. ते खूश होऊन म्हणाले, "गावात सुबत्ता आलेली दिसते. बायकांचे हात चांगले गुबगुबीत झालेत!"

बायकांनी पदर तोंडाला लावला.

सगुणा मात्र मापाचीच भरत राहिली. ती काही फार शूर होती असं नाही. सैल बांगडी भरली की तिला घास न चावता गिळल्यासारखं व्हायचं, एवढंच. तिची माळ रोज उरायची, आणि ती रोज उभी असायची. संध्याकाळी घरी गेल्यावर सासू तिच्या पायांना तेल लावायची.

अशात मालकांच्या लेकीचं लग्न निघालं. हळदीच्या दिवशी दुकानातल्या सगळ्या बायकांना घरी बोलावणं आलं. लग्नघरातल्या आणि व्याह्यांकडच्या सगळ्या बायकांचे हात भरायचे होते. मालकीणबाई म्हणाल्या, "नवरीचा चुडा सगुणा भरेल. माझा हिच्या सासूनंच भरला होता."

"भरू दे," मालक म्हणाले. "पण सगळ्यांनी ऐका. घरचं कार्य आहे म्हणून माळ सुटली असं समजू नका. हळद कुटायला घेईपर्यंत माळा रिकाम्या पाहिजेत. आणि सगुणा, आज उरली, तर उद्यापासून यायची तसदी घेऊ नकोस."

अंगणात चटया पडल्या. बाकीच्या जणी सपासप हात भरू लागल्या. सगुणा नवरीपुढे जमिनीवरच बसली. नवरीचा हात तिनं गुडघ्यावर घेतला, तर तो लाकडासारखा ताठ. पोरगी घाबरली होती.

अनसाबाई शेजारून कुजबुजल्या, "अगं, दोन मापं मोठी घे नि मोकळी हो. हा हात मऊ होईस्तोवर तुझी नोकरी जाईल."

सगुणानं मोठी बांगडी उचलली. ती सर्रकन आत गेली.

"अय्या, झालीसुद्धा?" नवरी म्हणाली आणि तिनं हात खाली सोडला. बांगडी घरंगळत बोटांपर्यंत आली. नवरीचं लक्षच नव्हतं, ती दाराकडे, आईकडे बघत होती. सगुणानं मात्र पाहिलं. घरची चूल तिच्या डोळ्यांपुढे आली, सासूचे तेलकट हात आले. मग तिनं ती बांगडी काढून बाजूला ठेवली.

"ताई, जरा वेळ लागेल हं."

"लागू दे की. तेवढाच वेळ या घरात."

मग सगुणानं तिला तिच्या लहानपणाबद्दल विचारलं. परसातल्या पेरूच्या झाडाबद्दल विचारलं. नवरी आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली, आणि तेवढ्यात केव्हातरी हिरवा चुडा एकेक करत मनगटावर चढला. नवरीनं वाकून नमस्कार केला. सगुणाला एकदम भरून आलं. किती तरी दिवसांत तिला कुणी नमस्कार केला नव्हता.

मालक फिरत फिरत आले. बाकीच्यांच्या हातात नुसत्या दोऱ्या होत्या. सगुणाची माळ जवळजवळ तशीच होती.

"मी काय सांगितलं होतं?"

"एकच हात भरून झाला, मालक."

"मग उद्या—"

पुढचं बोलणं अर्धंच राहिलं, कारण उखळाकडून एकच कल्ला उठला.

तिथे सुवासिनी हळद कुटत होत्या. मुसळ वर गेलं की बांगड्या कोपराकडे जायच्या, खाली आलं की बोटांकडे. दोन-चार घाव झाले आणि एकीच्या हातातली बांगडी निसटून थेट उखळात पडली. पाठोपाठ दुसरीची. मुसळ कुठलं थांबतंय! पिवळ्याधमक हळदीत हिरव्या काचा चमकू लागल्या. व्याह्यांकडची एक म्हातारी मागे सरून म्हणाली, "ही हळद लावायची होय आमच्या मुलाला?"

सगळी हळद टाकून द्यावी लागली.

"कोणी भरल्या या बांगड्या?" मालक ओरडले.

अनसाबाई उठल्या. "आम्ही भरल्या. पण मालक, तुम्ही हात भरायला कुठे सांगितलं होतंत? तुम्ही माळ रिकामी करायला सांगितली होती. ती केली."

मालकीणबाईंनी लेकीचा हात धरून खाली झटकला. चुडा जागचा हलला नाही. मग त्यांनी स्वतःचा हात खाली सोडला, तशा त्यातल्या बांगड्या आपोआप दुसऱ्या हातात घरंगळल्या, आणि तो रिकामा हात त्यांनी नवऱ्यापुढे केला.

"माझा हात आता तुम्ही भरा. मापाच्या बांगड्यांनी. आणि हो, उभ्यानं."

"इथे? सगळ्यांसमोर?"

"त्याही सगळ्यांसमोरच उभ्या असतात."

व्याही बघत होते, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. मालकांनी बांगडी घेतली, हात पकडला, जोर लावला. खळ्ळ! दुसरी घेतली. तीही गेली, आणि मालकांच्या अंगठ्यातून रक्त आलं.

"बरं," मालकीणबाई शांतपणे म्हणाल्या, "यांचे पैसे कुणाच्या पगारातून कापायचे?"

मालक घरात गेले. थोड्या वेळानं बाहेर आले, ते दोन्ही हातांत पाट घेऊन. पहिला त्यांनी सगुणापुढे मांडला, दुसरा अनसाबाईंपुढे, आणि बाकीचे आणायला पुन्हा आत गेले. हळद शेजारच्या घरून मागून आणली. मुहूर्त जेमतेम साधला.

त्यानंतर दुकानातल्या माळा गेल्या. पण घरी गेल्यावर बांगड्या गळून पडल्या म्हणून रुसलेली गिऱ्हाइकं काही लगेच परतली नाहीत. हळदीची गोष्टही गावोगाव पोचली होती. आल्या त्या बायकाही कितीतरी महिने बांगड्या भरून झाल्यावर आधी हात खाली झटकून बघायच्या आणि मग नमस्कार करायच्या. मालक ते गल्ल्यावरून बघत बसायचे. त्यांचं झटकून होईपर्यंत सगुणा पाटावर थांबून राहायची.

तात्पर्य: जो आपल्या माणसांना बसायला पाट देत नाही, त्याच्या दारात गिऱ्हाईकही फार दिवस बसत नाही.