खानविलकरांची सही

मेकॅनिकल इंजिनिअर होऊन सल्लागार कंपनीत लागलेल्या वैजयंती उपळेकरचं पहिलंच काम होतं खानविलकरांच्या कारखान्यातला जुना कॉम्प्रेसर तपासण्याचं. तो इतका थरथरायचा की कामगार जवळ जायला घाबरत.

"हा आजच बंद करून दुरुस्त करायला हवा," ती म्हणाली.

मालक खानविलकर गरजले, "पोरी, तुझ्या जन्माआधीचं मशीन आहे हे! केसभरही हलत नाही!"

"मग तसं लेखी द्या, साहेब," म्हणत तिनं मजकूर लिहून कागद कॉम्प्रेसरच्या सपाट झाकणावरच ठेवला.

खानविलकरांनी ऐटीत पेन टेकवलं आणि सहीची पार जिलेबी झाली. कामगार तोंड फिरवून हसू लागले.

वैजयंतीनं कागद अलगद उचलला. "मजकूर खोडते, साहेब. अहवाल म्हणून तुमची सहीच पुरे आहे."

खानविलकरांनी मुकाट्यानं मशीन बंद करायला सांगितलं.