वडखोलच्या हलगीतले होकार

फार वर्षांपूर्वी, वडखोलचा झरा आजच्याहून मोठा होता तेव्हा, तिथे येसबा नावाचा हलगीवाला होता. गावाला काही ठरवायचं असलं की तो हलगी शेकायचा, वाजवत दारोदार फिरायचा, आणि भर दुपारी वडाच्या पारावर सत्तर घरं जमायची. घरटी एकानं हो किंवा नाही म्हणायचं. ते झाल्याशिवाय पाटलानं निवाडा द्यायचा नाही, अशी रीत होती. येसबाचं घर वेशीबाहेर. ते मोजणीत नव्हतं.

पुढे लोक कंटाळले. पहिली कंटाळली द्वारकाकाकू.

"दळण अर्ध्यावर हाय माझं," ती येसबाला म्हणाली. "पाटील काय वंगाळ करणार? माझा हो कळव जा." आणि गमतीनं हलगीवर वाकून म्हणाली, "हो!"

पारावर येसबानं थाप मारली, तर हलगीतून काकूचाच आवाज आला. लोक पोट धरून हसले. पुढच्या खेपेला दहा घरांनी होकार हलगीत टाकला, वर्षभरात सत्तरांनी. असं म्हणतात, की हलगी तेव्हा धोंड्यासारखी जड झाली होती.

एका सकाळी येसबा अडखळत म्हणाला, "काकू, आज कशाचं इचारत्यात, ते तरी ऐका."

"तू नि तुझी चौकशी! हो म्हटलं न्हवं?"

त्या दुपारी पारावर पाटील आणि येसबा, दोघंच. पाटलाला झऱ्याचं पाणी गढीवरच्या सरदाराच्या बागेला द्यायचं होतं. येसबानं सत्तर थापा मारल्या. रिकाम्या पारावर सत्तर आवाज "हो" म्हणाले. एक मध्येच खोकलासुद्धा. वडावरचे पक्षी उडाले ते परतले नाहीत, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवसापासून गावाच्या तोंडून एवढा एकच शब्द निघू लागला. सरदाराची माणसं झरा वळवायला आली. लोक आडवे गेले, नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि म्हणाले, "हो." तहानेल्या लेकराला उगी करताना आया म्हणायच्या, "हो, हो, हो."

बोलता येत होतं एकट्या येसबाला. तो ओरडला, "नाही!"

"तुझं घर मोजणीत कुठंय रं?" सरदाराची माणसं हसली.

मग येसबानं हलगी शेकली आणि दारोदार फिरला. "आपापला आवाज न्यायला या!" काकू पिठाच्या हातांनी आली. सगळे आले. येसबा हलगीवर वाकला. त्याचं मत आजवर कुणी विचारलं नव्हतं. ते त्यानं आता दिलं. "नाही!" नुसत्या होकारांनी भरलेल्या हलगीला तो एक शब्द सोसला नाही. कातडं उभं फाटलं, आणि सत्तर तोंडांतून एकदम आलं, "नाही!" सरदाराची माणसं कुदळी टाकून पळाली. येसबा मात्र पुन्हा कधी बोलला नाही.

आजही वडखोलची सभा भर दुपारी पारावर भरते. वडाला हलगीचं रिकामं कडं टांगलेलं असतं. जो तो त्यासमोर उभा राहून आपलं मत आपल्या तोंडानं सांगतो. आजाऱ्याला बाजेवर आणतात, पण त्याच्या वतीनं कुणी बोलत नाही. शेवटी सरपंच विचारतात, "येसबा, तुझं?" आणि सारं गाव गप्प बसतं.

बहुतेकदा काही ऐकू येत नाही. पण कधीमधी, सभेला न आलेल्या कुणाच्या तरी आवाजात, कड्यातून येतं, "हो."

मग सरपंच वही मिटतात, आणि सगळं गाव उठून त्या माणसाच्या दारी जातं, त्याचं मत त्याच्याच तोंडून ऐकायला.