पाझरणारी मडकी

फार पूर्वी शोणपुरात जनसंध राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या कुंभारवाड्यात जन्मले होते. त्यांची बायको उत्पला दोन वर्षांपूर्वी वारली होती. तिने घडवलेली सात मडकी तेवढी घरात उरली होती. उत्पला मातीत भाताचा कोंडा जरा जास्तच कालवायची. भट्टीत कोंडा जळून जाई, मडक्याला बारीक छिद्रे राहत आणि पाणी पाझरे. "अगं, तुझी मडकी घाम गाळतात!" असे ते तिला चिडवत. आता चिडवायला कोणी नव्हते. रोज सकाळी ते मडक्यांवरच्या तिच्या बोटांच्या ठशांवर आपली बोटे ठेवीत. तिची फार आठवण येई.

त्या श्रावणात गोठ्यांची घाण वाहून कुंभारवाड्याचे एकमेव तळे नासले. पाणी हिरवट झाले, वास मारू लागले. शेजारीण सोमा हिची लेक ते पिऊन अंथरुणाला खिळली. "दादा, मातीतलं तुम्हाला कळतं. काहीतरी करा हो," सोमा रडत म्हणाली.

तळ्याचे पाणी गाळून बाजूच्या कुंडात उतरावे म्हणून बोधिसत्त्वांनी मधे एक चर खणला. चरात आधी चाकावरची कच्ची माती भरली. ती विरघळली आणि पाणी गढूळ झाले. मग घागरींच्या खापऱ्या भरल्या. त्या पक्क्या, घट्ट. पाणी नुसते फटींतून पळाले, हिरवट ते हिरवटच. भाजलेली पण पाझरणारी माती हवी होती, आणि पावसात भट्टी पेटत नव्हती.

घरी येऊन ते मडक्यांसमोर बसले. "उत्पले, एवढंच तर तुझं उरलंय गं माझ्याकडे," म्हणत ढसाढसा रडले.

सोमाने दारातून ते पाहिले. "राहू द्या दादा, मी दुसरीकडून पाणी आणीन." कुठून आणणार होती बिचारी! नदीला पूर आलेला.

बोधिसत्त्वांनी डोळे पुसले आणि सातही मडकी आपल्या हातांनी फोडली. खापऱ्या बारीक कुटून चरात घट्ट दाबून भरल्या.

तिसऱ्या दिवशी कुंडात नितळ पाणी उतरले. आठवड्याभरात सोमाची लेक अंगणात खेळू लागली. बोधिसत्त्व पाणी भरायला वाकले, तर चराच्या तोंडाशी कुटायची राहिलेली एक खापरी दिसली. तिच्यावर उत्पलेचा अंगठा उमटलेला होता. त्यांनी हात पुढे केला, मग मागे घेतला.

भिक्षूंना एवढी कथा सांगून शास्ते भगवान म्हणाले, "भिक्षूंनो, आपल्या विहारात पाणी भरणारी उपासिका म्हणजेच तेव्हाची सोमा. उत्पला ही आताची राहुलमाता, गृहस्थाश्रमातली माझी पत्नी, होती, आणि तो कुंभार मीच." मग ते म्हणाले, "तिची आठवण पुढेही येतच राहिली. तरी दिले, म्हणून ती दानपारमिता, दानाची परिपूर्णता."