बांधासाठी सोडत

खूप जुनी गोष्ट आहे; कोणत्या राज्यातली, हे सांगणारे केव्हाच गेले. नदीकाठी एक नगर होतं. नदी वर, घरं खाली, मधे मातीचा बांध. दर उन्हाळ्यात घरटी एक माणूस बांधावर माती टाकायला जाई. कुणी सुटत नसे, राजासुद्धा.

पुढे एका राजाला ऊन सोसेना. त्यानं सोडत काढली. "माती नको, चिठ्ठी विकत घ्या. जमलेल्या निम्म्या पैशात मजूर लावीन, निम्मा ज्याची चिठ्ठी निघेल त्याचा." लोक हरखले.

बक्षीस जुनं झालं की गिऱ्हाईक घटे. म्हणून त्याच्या मुलानं ते वाढवलं, नातवानं आणखी वाढवलं. मग बांधाच्या वाट्याला उरलं काय? नुसती दवंडी: "बांधासाठी सोडत होऽ!"

बांधाखाली एक कोष्टीण राहायची. एका पावसाळ्यात ती मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली, तर तळव्यांना ओल लागली. दुसऱ्या दिवशी घोटाभर पाणी! घरात सासू अंथरुणाला खिळलेली. तिला उचलायलाच दोन माणसं लागत.

ती दारोदार फिरली. "अहो, बांध पाझरतोय! चला की माती टाकायला!"

"चिठ्ठी घेतलीय ना आम्ही? मग माती कशाला?"

"आणि तूही घेतलीस की गं!"

घेतली होती. खोटं कशाला सांगायचं?

सोडतीच्या दिवशी सारं नगर टेकडीवर, राजवाड्यापुढे लोटलं. इकडे बांधाला भोक पडलं. कोष्टिणीनं मागावरचं कापड फाडून त्यात माती बांधली, भोकात कोंबली आणि पाठ लावून बसली. हलायची सोय नव्हती. घरातून सासूच्या हाका येत होत्या.

तेवढ्यात नगारा वाजला आणि माणसं धावत खाली आली. आले बाई एकदाचे!

"काकू, तुझी चिठ्ठी निघाली! हंडाभर सोनं!"

"सोनं घाला चुलीत! आधी माती आणा!"

"आता माती कशाला? महाल बांध!"

"अरे उचलू नका मला, मेल्यांनो!"

आनंदानं बहिरे झालेल्यांनी तिला खांद्यावर घेतलंच. पाठ सुटली, बोळा उडाला, नदी आत आली. जीव घेऊन पळणाऱ्यांच्या खांद्यावरून तिनं आपलं छप्पर जाताना पाहिलं, मग सगळं नगर.

लोकांनी टेकडीवर तिच्यापुढे हंडा ठेवला. "घ्या वाटून," ती म्हणाली, "आणि यातून माझी सासू कोण आणून देतो, ते सांगा."



साऱ्यांच्या हातांचं काम नशिबावर सोपवलं, की ते कुणाच्याच हातात राहत नाही.